अर्धं लोटलेलं दार

माझ्या आधी इथे जुन्या बाई होत्या, हे मला रेडिओ केंद्रावरच्या पहिल्याच दिवशी अकरा जणांनी सांगितलं. सुरुवात फाटकावरच्या पहारेकऱ्याने केली. "आवाजांच्या कामाला का? जुन्या बाईंच्या जागी?" असं म्हणून त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सहीची वही सरकवली. दीड वर्ष उलटलं तरी मी नवी बाईच. वय एक्केचाळीस, नाटक मंडळीत पडद्यामागे पंधरा वर्षं घासलेली, आणि तरी नवी. मला राग लवकर येतो हे घरीदारी सगळ्यांना माहीत आहे, पण दीड वर्ष मी तो गिळला. एका गुरुवारी गिळला गेला नाही, त्याची ही गोष्ट.

आधी काम काय ते सांगते. रेडिओच्या नाटकात बोलतात ते नट. बाकी जे काही ऐकू येतं ते सगळं मी. पावलं मी, वारा मी, चहाची बशी मी, भांडणातली थप्पडसुद्धा मीच, आणि ती मी मनापासून मारते. स्टुडिओच्या एका कोपऱ्यात माझा संसार मांडलेला होता. खडीचा ट्रे, लाकडी फळी, सतरा जोड बूट नि चपला, पक्ष्याचे पंख फडफडवायला जुने चामडी हातमोजे, बर्फावरून चालायला मक्याचं पीठ भरलेली कापडी पिशवी. आणि चाकांच्या चौकटीत बसवलेलं एक खरंखुरं दार. उंची कमरेइतकी, पण कडी, कुलूप, मूठ सगळं जागच्या जागी. हे दार जुन्या बाईंनी सुताराच्या डोक्यावर बसून करून घेतलं होतं. हेही मला अकरा जणांनी सांगितलं.

दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला आमची मालिका थेट जायची. बारा वर्षं चाललेली, एका घराची गोष्ट. म्हातारा, त्याचा मुलगा, सून आणि येणारे-जाणारे. म्हाताऱ्याचं काम करणारा नट पस्तिशीचा होता आणि सुनेचं करणारी बाई पंचावन्नची, पण ऐकणाऱ्याला ते कुठे दिसतंय. माझ्या दाराच्या पाठीला एका खिळ्यावर वही लटकत असे. जुन्या बाईंनी त्या वहीत घरातल्या प्रत्येकाचं दार लिहून ठेवलं होतं, म्हणजे कोण दारापर्यंत कसं चालत येतं आणि दार कसं लावतं ते. "मुलगा: हात सोडून देतो, दार आपटतं. आपटलं हे त्याला कळतही नाही." "सून: मूठ आधी फिरवते, आवाज होऊ नये म्हणून. मूठ सैल आहे, खडखडतेच." आणि म्हाताऱ्याचं असं: "अर्धं लोटतो. एक श्वास थांबतो. मग लावतो. त्याला वाटतं, कुणीतरी मागे बोलावेल. अजून कुणी बोलावलेलं नाही."

ही वही पहिल्यांदा वाचली तेव्हा मी मटकन खाली बसले होते. पंधरा वर्षं नाटकात काढली, पण दार म्हणजे नटाला आत यायची सोय, यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता. आणि इथे एक बाई दर गुरुवारी, जगात नसलेल्या एका माणसाच्या पोटातलं दुःख नुसत्या दारातून ऐकवत होती, आणि हजारो घरांत ते कुणी न सांगता समजत होतं. मला तिचा धाक वाटला. धाक वाटला म्हणूनच रागही आला. आपल्याहून मोठं माणूस आपल्या आधी होऊन गेलं की रोज त्याच्याच चपलेत पाय घालावा लागतो, आणि माझ्या बाबतीत तर ती चप्पल खरोखरच तिची होती.

जुन्या बाई म्हणजे आमच्या लेखकांची बायको. लेखकांना केंद्रावर पाठीमागे सगळे घुमेसाहेब म्हणत, कारण दिवसाकाठी दहा वाक्यं बोलले तर डोक्यावरून पाणी. उंच, पोक काढून चालणारे, कोटाच्या दोन्ही खिशांत पेन्सिली. मालिकेचे सहाशे भाग त्यांनी एकट्यांनी लिहिले होते. तालमीला ते स्टुडिओच्या काचेमागच्या खोलीत काचेकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसत. नटांचे चेहरे दिसले की कान आळशी होतात, म्हणत. एखादं वाक्य पटलं नाही तर हात वर करत, बस्स. मागे वळून बघत नसत.

त्यांचे जुने भाग कपाटात गठ्ठ्याने ठेवलेले होते. एकदा दुपारी काम नव्हतं म्हणून मी ते काढून वाचत बसले. पानापानावर लाल पेन्सिलीने ओळी खोडलेल्या आणि बाजूला बाईंच्या अक्षरात शेरे. "हे दार सांगेल." "हे पावलं सांगतील." "गप्प बसू दे तिला, बशी आहे." लेखक लिहून आणायचे, बायकोला वाचून दाखवायचे आणि ती तिसरा हिस्सा उडवायची. जे उरायचं ते ऐकून लोक रडायचे. नवऱ्याचं लिहिणं बायकोने असं कापावं आणि नवऱ्याने कापू द्यावं, हे मी तरी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बाईंचं उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. नुसती वाचा नाही, शब्दच गेले. कुणी काय म्हणतंय तेही पोचत नाही, असं डॉक्टरांचं मत पडलं. हात उचला म्हटलं तर उचलत नाहीत, ओळखलंत का विचारलं तर छताकडे बघतात. लेखक तरीही प्रत्येक भाग पलंगाशी बसून वाचून दाखवायचे. पण लाल पेन्सिल आता चालत नव्हती, आणि ते पानांवर दिसायचं. म्हातारा हल्ली जाताना "बरं, मी जरा बाहेर जाऊन येतो, पाय मोकळे करतो" एवढं सगळं बोलायचा. पूर्वी तो नुसता "येतो" म्हणायचा. लेखकांना हे कळत नसेल असं नाही, पण खोडणारा हात दुसरा होता.

त्या गुरुवारच्या थोडं आधी आणखी एक बातमी आमच्या निर्मात्याने चहा पिता पिता सांगितली. बाईंना एक तारखेला शुश्रूषागृहात हलवायचं ठरलं होतं. घरी लेक एकटी बघायची, तिने नोकरी अर्ध्या वेळेची करून घेतली होती, आणि आता तिचीच कंबर धरली होती. शुश्रूषागृह शहराबाहेर, भेटायला फक्त रविवारी. "आणि तिथे संध्याकाळी सातला दिवे मालवतात," निर्माता म्हणाला. "रेडिओबिडिओ काही नाही."

"मग गुरुवारचं?" मी विचारलं.

"कसलं गुरुवारचं. त्यांना काही कळतच नाही हो."

तर तो गुरुवार. त्या दिवशीच्या भागात मुलगा आणि सून म्हाताऱ्याची दुसरीकडे कुठेतरी सोय लावायचं ठरवतात. म्हातारा "येतो" म्हणून खोलीबाहेर जातो, दार लागतं, आणि मग ही दोघं त्याच्याबद्दल जे बोलायचं ते बोलतात. त्या दिवशी कशी कोण जाणे, लेखकांनी म्हाताऱ्याला परत एका शब्दावर आणलं होतं. प्रसारणाचा लाल दिवा लागायला दोन मिनिटं असताना निर्माता काचेमागून हेडफोनवर माझ्या कानात बोलला, "आज म्हाताऱ्याचं दार जमलं पाहिजे हं. जुन्या बाई असत्या तर मला सांगावं लागलं नसतं."

डोक्यात तिडीक गेली. मी ठरवलं, आज दाखवतेच. जुन्या बाई एक श्वास थांबायच्या ना, मी दोन थांबेन. तीन थांबेन. ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा अडकेपर्यंत थांबेन आणि मग लावेन दार. म्हणजे कळेल सगळ्यांना.

म्हातारा "येतो" म्हणाला. मी त्याच्या बुटांत हात घालून फळीवरून सात पावलं चालले, बूट सोडले, मुठीला हात घातला आणि दार अर्धं लोटलं. एक श्वास. स्टुडिओत कुणी हललं नाही. दोन श्वास. मला माझाच अभिमान वाटू लागला. तिसरा श्वास घेतला आणि तेवढ्यात सुनेचं काम करणाऱ्या बाईंनी, कागदात डोकं घातलेलं, दार लागून गेलं असणार अशा समजुतीने वाक्य उचललं: "गेले एकदाचे."

त्यानंतर दार लावता येत नाही. लावलं तर ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं. आणि रेडिओचा नियम साधा आहे, दार लावून बाहेर न गेलेला माणूस खोलीतच असतो. प्रसारण थेट चाललेलं. माझा हात मुठीवर गोठला तो गोठलाच. मुलगा बोलला, सून बोलली, म्हाताऱ्यावर किती खर्च होतो, रात्री किती खोकतात, ते नसते तर ती खोली कशाला वापरता आली असती. सहा मिनिटं. आणि घराघरांत लोक ऐकत होते की म्हातारा अर्ध्या दारात उभा आहे. काचेमागे निर्मात्याने डोकं धरलं होतं. लेखक भिंतीकडेच बघत होते, पण त्यांची पाठ ताठ झालेली मला दिसली.

लाल दिवा विझल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "सर, चूक माझी आहे. मी मुद्दाम थांबले."

"तो गेला नाही," ते म्हणाले.

"नाही सर."

"म्हणजे त्याने ऐकलं." त्यांनी पिशवीतून पुढच्या गुरुवारचा लिहून ठेवलेला भाग काढला, उभा फाडला, पुन्हा एकदा फाडला आणि तुकडे खिशात घातले. रागावलेले नव्हते. कुणीतरी आपल्याला नवी बातमी सांगावी आणि ती खरी निघावी, असा चेहरा होता. "आता हे खरं धरूनच पुढे जायचं," एवढं म्हणून ते कोट चढवत निघून गेले. मी शिव्यांची तयारी करून गेले होते. त्या माणसाने माझी घोडचूक उचलली आणि आपल्या सहाशे भागांना जोडून टाकली, जणू ती त्यालाच सुचली होती.

शुक्रवारी दुपारपर्यंत केंद्रावर त्रेसष्ट फोन आले. फोनवरची मुलगी वैतागून गेली. "आवाज राहिला असं एकजणही म्हणत नाही," तिने मला सांगितलं. "सगळे एकच विचारतात, आजोबा दारातच उभे होते का? एक बाई तर म्हणाली, कुणीतरी जाऊन त्यांना आत आणा."

संध्याकाळी लेखकांची चिठ्ठी आली. "उद्या तीनला घरी या. म्हाताऱ्याचे बूट, सुनेच्या चपला आणि वही आणा. न बोलणारा माणूस कसा ऐकू येतो ते बघायचं आहे."

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. लेकीने दार उघडलं, कमरेला पट्टा बांधलेला, हातात सुई. आतल्या खोलीत खिडकीशी पलंग, पायथ्याशी लेखकांचं टेबल, फळीवर रेडिओ. आणि पलंगावर जुन्या बाई. दीड वर्ष मी जिच्यावर मनातल्या मनात दात-ओठ खाल्ले ती बाई एवढीशी होती. केस बारीक कापलेले, उशीत बुडालेलं डोकं, डोळे छताला. डावा हात पांघरुणाबाहेर, बोटं लांब, टोकाला चपटी. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला मी बूट पिशवीतून काढून नीट मांडू लागले.

लेक खुर्चीत बसून पुन्हा शिवायला लागली. गाऊन, स्वेटर, मोजे, सगळ्यांची चळत, आणि प्रत्येकावर आईच्या नावाची पट्टी. शुश्रूषागृहाचा नियम, कपडे एकत्र धुतले जातात म्हणून.

"गुरुवारी ऐकलंत?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"बाबांचा हट्ट असतो, रेडिओ लावायचा म्हणून लावते," ती म्हणाली. "ऐकतंय कोण. त्या दिवशी तर मध्येच हिने काय केलं, औषधाचा खण आपटला. वरची बाटली खाली, सगळ्या खोलीत काच. गुडघे टेकून अर्धा तास वेचत होते मी. डॉक्टरना फोन केला तर म्हणे हात आपोआप हलतो, त्यात अर्थ शोधू नका. त्याच दिवशी मी पट्ट्या शिवायला घेतल्या." तिचा आवाज चढला नव्हता. रडून संपलेल्या माणसाचा असतो तसा होता. "मी वाईट नाही हो. मला होत नाही आता."

"तुम्हाला कोण वाईट म्हणतंय," मी म्हटलं. मग माझं लक्ष पलंगालगतच्या छोट्या कपाटाकडे गेलं. बाईंच्या डाव्या हाताशीच होतं. वरच्या खणाला पितळी कडी, सैल. "मध्येच म्हणजे कधी?"

"काय?"

"खण कधी आपटला? नाटकात काय चाललं होतं?"

"मी कुठे लक्ष देते. ते आजोबा गेले ना, त्यानंतर. बराच वेळ काही ऐकू आलं नाही, म्हणून मी रेडिओकडे बघितलं. आणि मग हिने खण ढकलला. धप्पकन."

लेखकांची पेन्सिल थांबली. आमची दोघांची नजरानजर झाली. मला त्यांना काही सांगावं लागलं नाही, आणि त्यांनाही मला. माझ्या हातून जे दार लागलं नाही ते कुणीतरी लावलं होतं. शहराच्या या टोकाला, पलंगावर पडल्या पडल्या, डाव्या हाताने. मी दोन श्वास जास्त खाल्ले आणि बाईंनी वाट बघून शेवटी स्वतःच काम उरकलं.

"खण थोडा उघडा," लेखक मला म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, पण पेन्सिल त्यांनी दोन्ही हातांत धरली होती.

मी खण चार बोटं बाहेर ओढला. म्हाताऱ्याचे बूट घेतले, गुडघ्यांवर बसले आणि फरशीवरून सात पावलं चालवली, भिंतीतल्या कपाटापर्यंत. सावकाश, डावं पाऊल जरा घासून, वहीत लिहिलंय तसं. मग कपाटाचं दार अर्धं लोटलं आणि थांबले. एकच श्वास. या वेळी शहाणपणा केला नाही.

बाईंचे डोळे छतालाच होते. पण हात निघाला. पांघरुणावरून सरकला, पलंगालगतच्या कपाटाची कड चाचपली, कडीपाशी आला, थांबला आणि खण लागला. धप्पकन नाही. हलकेच, म्हाताऱ्याला शोभेल एवढ्याच जोराने.

लेक सुई हातात धरून बघत राहिली. "योगायोग असतो," ती म्हणाली. "मीही असंच धरून बसले होते पहिले सहा महिने. विचारून विचारून थकले, आई, मी कोण? आई, हात दाब. काही नाही. नका असं करू माझ्याशी."

ती बरोबर बोलत होती. एका दाराने काही सिद्ध होत नाही. मी खण पुन्हा चार बोटं ओढला आणि बूट बाजूला ठेवून सुनेच्या चपला हातांत चढवल्या. भरभर, टाचा उचलून, नऊ पावलं. भिंतीतल्या कपाटापाशी पोचले आणि या वेळी दाराला हातच लावला नाही. बोलले नाही. चपला हातात तशाच धरून बसून राहिले.

बाईंचा हात कडीवर गेला. बोटांनी कडी धरली आणि आधी ती फिरवली, एकदा इकडे, एकदा तिकडे. सैल कडी खडखडली. मग खण सावकाश, आवाज होऊ नये इतक्या जपून आत गेला.

मूठ आधी फिरवते. आवाज होऊ नये म्हणून. मी वही उघडली, ते पान काढलं आणि लेकीच्या मांडीवरच्या मोज्यांवर ठेवलं. तिने वाचलं. आईचं अक्षर होतं. तिने पुन्हा वाचलं.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं मला सुचत नव्हतं. दोन वर्षं सगळे त्या बाईंशी शब्दांनी बोलत होते. शब्द गेले होते, डॉक्टर काही खोटं बोलत नव्हते. पण पावलं कोणाची हे तिला कळत होतं, कोण घाईत आहे, कोण चोरून जातंय, कोण जाता जाता अडखळतंय हे कळत होतं. दहा वर्षं तिने ज्या भाषेत लिहिलं ती तिच्याकडे होती, आणि त्या भाषेत तिला कुणी एक वाक्य विचारलं नव्हतं. मी आयुष्यात पुष्कळ मोठे नट पाहिलेत. त्या दुपारी त्या खणाइतकं मोठं काही पाहिलेलं नाही.

लेखक उठले नाहीत. मान खाली घालून बसले होते, खांदे हलत होते.

लेक मात्र उठली. मांडीवरचे मोजे खाली पडले. "मी पाणी आणते," ती कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली आणि चालू लागली. कमरेच्या पट्ट्यामुळे तिची चाल जड होती, एक पाऊल ठाम, दुसरं ओढलेलं. खोलीबाहेर गेली, दार मागे ओढलं, आणि ते अर्ध्यावरच राहिलं. पाणी आणायला ती गेलीच नाही. पलीकडे उभी होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

मी बाईंच्या हाताकडे बघत होते. हात कडीवर होता. खण लागलेलाच होता, आता तो लावता येणार नव्हता. बोटं कडीवर एक श्वास थांबली.

मग त्यांनी खण उघडला. चार बोटं नाही, सगळा. सगळा जोर लावून, शेवटपर्यंत, आतल्या बाटल्या एकमेकींवर आपटून खणखणल्या इतका. उघडला आणि हात तसाच कडीला लावून ठेवला.

दारापलीकडचा श्वास थांबला. ती मुलगी या बाईंच्या पोटची होती, या घरात दारं ऐकत वाढलेली. तिला कुणी काही समजावून द्यावं लागलं नाही. ती आत आली, पलंगाशी खाली बसली, कमरेची पर्वा न करता, आणि आईचा हात कडीवरून सोडवून आपल्या गालाला लावला. बाईंचे डोळे छताकडेच होते. पण बोटं लेकीच्या गालावर वाजत होती, दोन-दोन टिचक्या, एक ठाम, एक ओढलेली. मी कान देऊन ऐकलं. ती लेकीची चाल होती.

बऱ्याच वेळाने लेकीने टेबलावरची कात्री मागितली. मी दिली. तिने चळतीतला वरचा गाऊन ओढून घेतला आणि फरशीवर बसल्या बसल्याच नावाच्या पट्टीचा टाका उसवायला घेतला. "कुणीतरी दिवसा येणारी बाई बघावी लागेल," ती म्हणाली. "मला एकटीला नाही जमायचं. पण बघू."

"बघू," लेखक म्हणाले. ते माझ्याजवळ आले आणि वही मागितली. म्हाताऱ्याचं पान काढलं. कोटाच्या खिशात बरंच चाचपून एक लाल पेन्सिल काढली, झिजून अंगठ्याएवढी उरलेली, आणि बायकोच्या अक्षरातली शेवटची ओळ खोडली. अजून कुणी बोलावलेलं नाही, ही ओळ. इतकी वर्षं ती त्यांच्या ओळी खोडत आली होती, तिची त्यांनी ही पहिलीच खोडली.

"गुरुवारी दार आतून उघडायचं," वही परत देत ते मला म्हणाले. "कसं उघडतं ते ऐकलंत ना?"

"ऐकलं," मी म्हटलं.